धाकट्या भिंतीवरचे तीन ठोके

देवबागच्या प्रवाळ संशोधन केंद्रात एक खोली होती, तिथे शिरताच बोलकी माणसंही गप्प होत. दारावर तशी पाटी नव्हती. आत समुद्र बोलत असायचा, एवढंच. किनाऱ्यापासून होडीने तासाभराच्या अंतरावर, पाण्याखाली ठेवलेल्या श्रवणपेट्या धाकट्या प्रवाळभिंतीचा आवाज टिपत आणि तो या खोलीत दिवसभर चालू असे. निरोगी भिंतीच्या आवाजात गूढगंभीर असं काही नसतं. कढईत लाह्या फुटाव्यात तसा तो तडतडतो. बोटाएवढे झिंगे नांग्या आपटतात, मासे गुरगुरतात, कुणी खडकावरचं शेवाळ खरवडून खातं, आणि या सगळ्याची मिळून जी कटकट होते तिला शास्त्रज्ञ मोठ्या प्रेमाने आरोग्य म्हणतात.

डॉ. केतकी वझे पुण्याहून इथे येऊन पाच वर्षं ही कटकट ऐकत होती. त्या डिसेंबरच्या सकाळी लाह्या नेहमीसारख्या फुटत होत्या, पण केतकीचं तोंड उतरलं होतं. तिच्यापुढे भिंतीवरून उचलून आणलेली हातभर फरशी होती. अशा फरशा भिंतीवर जागोजागी बसवलेल्या असत. पौर्णिमा उलटली की त्यांच्यावर खसखशीसारखे पांढरे ठिपके दिसू लागत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बाळप्रवाळ, नुकतंच घर धरलेलं. या फरशीवर एकही ठिपका नव्हता. आधीच्या पौर्णिमेची फरशीही अशीच कोरी निघाली होती.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. या किनाऱ्यावर पूर्वी एक थोरली भिंत होती. समुद्र तापला त्या वर्षांत ती पांढरी पडून मेली. मेलेल्या भिंतीत आवाज नसतो, आणि बाळप्रवाळाला डोळे नसतात. ते आईपासून सुटतं, काही दिवस पाण्यात भरकटतं आणि कानोसा घेत घेत घर शोधतं. त्याला कान नसतात हे खरं, पण अंगावरच्या बारीक केसांना पाण्याची थरथर कळते आणि तेवढं त्याला पुरतं. केंद्राचे संचालक डॉ. जयराम शिरसाट यांनी यावरून एक युक्ती काढली. थोरलीचा जुना, जिवंतपणी टिपून ठेवलेला आवाज त्यांनी जवळच्या उघड्या खडकावर, पाण्यात उभारलेल्या ध्वनिखांबांमधून वाजवायला सुरुवात केली. याला त्यांनी नाव दिलं ध्वनिपेरणी. लोक हसले. मग दूरच्या कुठल्या तरी बेटांवरची बाळप्रवाळं प्रवाहाबरोबर आली, त्या आवाजाला भुलून खडकावर बसली, आणि बारा वर्षांत तिथे धाकटी भिंत उभी राहिली. तेव्हा हसणारे लोक उद्घाटनाला आले.

आता दोन पौर्णिमा कोऱ्या गेल्या होत्या आणि हा नुसता शास्त्रीय प्रश्न नव्हता. धाकटीला मिळालेलं कायद्याचं संरक्षण एका अटीवर होतं. दर हिवाळ्यात तिच्यावर नवी वस्ती झाली पाहिजे. ज्या हिवाळ्यात होणार नाही, त्या हिवाळ्यानंतर भिंतीची नोंद ‘निर्वंश’ म्हणून व्हायची आणि सध्या तिला वळसा घालून जाणारा मोठ्या जहाजांचा मार्ग सरळ तिच्यावरून खणला जायचा. नकाशावर ती सरळ रेघ आखून तयारच होती. बाळं धरायला आणखी दोन पौर्णिमा बाकी होत्या.

केतकी आणि शिरसाट यांनी जे तपासायचं ते सगळं तपासलं. पाणी थंड होतं, स्वच्छ होतं. खांब नीट वाजत होते. आईप्रवाळं धष्टपुष्ट होती, बाळं भरपूर सुटत होती आणि भिंतीपर्यंत येतही होती. तिच्याभोवती घिरट्या घालायची, खाली मात्र उतरायची नाहीत. लग्नघरापर्यंत येऊन दारातूनच परत जाणाऱ्या रुसक्या पाहुण्यांसारखी. यंदा बदललं काय, असं शिरसाट पुन्हापुन्हा विचारत. केतकीचं उत्तर ठरलेलं होतं. काहीच बदललं नाही, उलट यंदा भिंत कधी नव्हती एवढी स्वच्छ आहे.

स्वच्छतेचं श्रेय हेमांगी कुबलचं होतं. ती केंद्राच्या पाणबुड्यांची प्रमुख. बारा वर्षं तिने आणि तिच्या चमूने धाकटीवरचा कचरा वेचला होता: तुटकी जाळी, बाटल्या, पिशव्या, एकदा तर अख्खी प्लॅस्टिकची खुर्ची. नुसता वेचला नाही, नोंदला. पाण्याखाली दोन्ही हात गुंतलेले असतात, लिहीत कोण बसणार? म्हणून त्यांनी ठोक्यांची रीत पाडली होती. कमरेची पोलादी कांडी पाठीवरच्या हवेच्या टाकीवर मारायची. काचेला एक ठोका, जाळीला दोन, प्लॅस्टिकला तीन. श्रवणपेट्या ठोका कुठून आला ते बरोबर ओळखत आणि नोंद आपोआप नकाशावर चढे. वर होडीत हेमांगीचा थोरला भाऊ लवू असे. प्रत्येक नोंदीनंतर तो होडीच्या तळावर लाकडी मोगरीने एकच ठोका द्यायचा. त्याचा अर्थ, ऐकलं.

गेल्या वर्षी वेचण्यासारखं काही उरलं नाही. अधूनमधून वाहत येणारा कचरा उचलायला वेचक यंत्रं आली. कापसाच्या बोळ्यासारखी मऊ, आणि माशालाही चाहूल न लागणारी. चमूला समारंभाने निरोप दिला गेला. हेमांगी किनाऱ्यावर शिकवायला लागली आणि लवूने होडी विकायला काढली. विकायचीच तर रंग कशाला, म्हणून त्या वर्षी त्याने तळाला नेहमीचा, शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो विषारी रंगही दिला नाही. हा रंग लक्षात ठेवावा. गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

त्या सकाळी हेमांगी प्रयोगशाळेत सहज डोकावली. सहज म्हणजे रोज. पाण्याबाहेर तिला करमत नसे आणि तसं कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं. केतकीने भिंतीवरची काही आईप्रवाळं काचेच्या मोठ्या हौदात आणून ठेवली होती. त्यांची शेकडो बाळं वरच्या पाण्यात धुळीसारखी तरंगत होती. हौदाच्या तळाशी कुणाच्या तरी पेनाचं टोपण पडलेलं हेमांगीला दिसलं. प्लॅस्टिक दिसलं आणि हात आपल्या सवयीने चालला. बोटातल्या पोलादी अंगठीने तिने काचेवर तीन ठोके दिले.

धूळ हलली. अगोदर केतकीला वाटलं हौद हादरला. पण बाळं खाली चालली होती, तिरकी, सगळी एकाच बाजूला, हेमांगीच्या बोटाकडे.

“ताई, पुन्हा करा,” केतकी म्हणाली.

हेमांगीने पुन्हा केलं. नंतर केतकीने दुसऱ्या बाजूने केलं, तेव्हा धूळ तिकडे वळली. एका ठोक्याला बाळं ढिम्म हलली नाहीत. दोन ठोक्यांना थोडी चुळबुळ झाली. तीन ठोक्यांना मात्र अर्धीअधिक खाली आली, आणि संध्याकाळपर्यंत टोपणाजवळच्या काचेवर बारीक ठिपके धरले. केतकी दुपारचं जेवण विसरली. हेमांगीने तिच्या डब्यातली भाकरी तिच्या हातात कोंबली तेव्हा ती म्हणाली, “आपण किती मूर्ख आहोत.” पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

शिरसाटांना ही गंमत पटायला वेळ लागला. प्रवाळ शिकत नाही, त्याला मेंदूच नाही, मग त्याला ठोके कुणी शिकवले, असं ते म्हणाले. केतकीने त्यांच्या टेबलावरची टाचण्यांची डबी पालथी केली.

“कुणीच नाही शिकवले, सर. ही बाळं समजा. सुरुवातीला काहींना अंगचीच तीन ठोक्यांची ओढ होती, काहींना नव्हती. ज्यांना नव्हती ती कुठेही बसली, शेवाळावर, गाळावर, पिशवीवर, आणि मेली.” तिने बऱ्याच टाचण्या बाजूला सारल्या. “ज्यांना ओढ होती ती ठोक्यापाशी बसली. आता ठोका कुठे पडायचा? हेमाताई प्लॅस्टिक उचलायच्या तिथे. वर्षानुवर्षं झाकलेला खडक त्या क्षणी उघडा व्हायचा. स्वच्छ, ना शेवाळ ना गाळ. बाळाला अख्ख्या समुद्रात याहून चांगली जागा नाही. ती जगली. आपलं प्रवाळ दोन वर्षांत वयात येतं. बारा वर्षांत सहा पिढ्या झाल्या. आता उरली आहेत ती सगळी ठोक्यांच्या ओढीची.”

“म्हणजे खांबांचा आवाज गाव दाखवतो,” शिरसाट सावकाश म्हणाले.

“आणि ठोका घर दाखवतो. यंदा आपण गाव ठेवलं, पत्ता काढून घेतला.”

शिरसाट बराच वेळ टाचण्या परत भरत बसले. मग उठले आणि त्यांनी हेमांगीसाठी स्वतः चहा केला. चहा वाईट होता, पण संचालकांनी केलेला असल्यामुळे तिघांनीही प्यायला.

उपाय आता सोपा दिसत होता. ठोक्यांचा आवाज टिपून तिसऱ्या पौर्णिमेला खांबांमधून वाजवला. बाळं उतरली, आणि भरभरून उतरली. पण ठोके येत होते खांबांतून, म्हणून ती उतरली खांबांवर. मधल्या पाण्यात उभ्या असलेल्या लोखंडी खांबांच्या, आवाज बाहेर पडतो त्या जाळ्या ठिपक्यांनी भरून गेल्या आणि आवाज घोगरा झाला. खाली भिंत कोरीच राहिली. कायद्यात खांबाला भिंत म्हणायची सोय नव्हती.  केतकीच्या सिद्धांताचा याहून चोख पुरावा मिळाला नसता आणि तो तिला नको होता.

आता एक पौर्णिमा उरली होती. ठोका खुद्द भिंतीवरून, एकेका कपारीतून यायला हवा, हे उघड होतं. वेचक यंत्रांना ठोकायला अंगात कडक असं काही नव्हतं. ठोकणारं यंत्र बनवायला पुढचा हिवाळा उजाडला असता, आणि पुढचा हिवाळा हवा म्हणून तर हा खटाटोप होता. तेव्हा माणसांनी खाली जायचं ठरलं. केतकीने खुशीत हेमांगीला सांगितलं की यंदा कचरा वेचायचा नाही, नुसतं कपारीकपारीत जाऊन तीन ठोके देत सुटायचं.

हेमांगी नाही म्हणाली.

केतकीला वाटलं, नोंदीची अडचण असेल. रिकाम्या ठोक्यांची नोंद प्लॅस्टिक म्हणून चढणार आणि स्वच्छ भिंत जगाच्या नकाशावर उकिरडा दिसणार. त्यावर तिने श्रवणपेट्या तेवढे दिवस बंद ठेवायची तयारी दाखवली.

“पेटी बंद करशील. सोबत्याचा कान कसा बंद करशील?” हेमांगी म्हणाली. “आमच्यात खोटा ठोका नाही. एका नव्या मुलाने एकदा गंमत म्हणून दिला होता. त्याचा जोडीदार जाळं कापत होता, अर्ध्यावर सोडून मदतीला धावला. परत जाईपर्यंत त्या लोंबत्या जाळ्यात कासव गुंतून मेलं होतं. आम्ही बारा वर्षं एकमेकांच्या ठोक्यावर जीव टाकून राहिलो, कारण प्रत्येक ठोक्यामागे काहीतरी असायचं. आज मी पोकळ ठोका दिला, तर उद्या माझ्या खऱ्या ठोक्याला कोण येणार?”

यावर केतकीने जो तोडगा काढला तो तिने पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगू दिला नाही. ती म्हणाली, आपण धुतलेल्या बाटल्या आदल्या दिवशी खाली नेऊन टाकू, म्हणजे ताईंना त्या खरोखर सापडतील. शिरसाटांच्या हातातली बशी कलंडली. भिंत वाचवण्यासाठी भिंतीवर कचरा टाकणारं केंद्र म्हणून आपलं नाव होईल, असं ते म्हणाले, आणि मग दोन मिनिटं तेही गंभीरपणे हिशेब करत राहिले की बाटल्या किती लागतील. अडला हरी म्हणतात ते खोटं नाही.

हेमांगी दोन दिवस फिरकली नाही. तिच्यापुढचा पेच साधा नव्हता. धाकटीला तिने लेकरासारखी वाढवली होती. तिच्यावरून खणणारी जहाजं जाताना पाहणं तिला सोसलं नसतं. आणि ठोक्याचा शब्द मोडून वाचवलेल्या भिंतीवर पुन्हा कोणत्या तोंडाने उतरायचं, हेही तिला कळत नव्हतं. घरी तिने लवूला सगळं सांगितलं. तो होडीच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला होता, त्याने ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की त्या पोरांना तीन ठोक्यांत ऐकू काय येतं.

तिसऱ्या दिवशी हेमांगी प्रयोगशाळेत आली ती हातात नारळाच्या काथ्याचा ब्रश घेऊनच.

“सर, आम्ही बारा वर्षं ठोकत होतो ते ‘इथे घाण आहे’ म्हणून. पण पोरांनी ते तसं कधी ऐकलंच नाही. त्यांनी ऐकलं, ‘इथे जागा आहे.’ आणि त्यांचंच ऐकणं बरोबर होतं, जागा होतीच. मग आपण जागाच करू. शेवाळ घासायचं, तळहाताएवढा खडक मोकळा करायचा आणि मग ठोकायचं. तीन ठोके म्हणजे जागा. प्लॅस्टिक सापडलं तर त्याला चार. तुम्ही पेटीतला एक शब्द बदला, मी ठोका खोटा देणार नाही.”

 शिरसाटांनी चष्मा काढून पुसला, आणि केतकीने लगेच उठून नोंदीतला शब्द बदलला. बारा वर्षं जिथे ‘प्लॅस्टिक’ उमटत होतं तिथे आता ‘जागा’ उमटणार होतं.

जुना चमू गोळा झाला. कुणी पर्यटकांना पोहायला शिकवत होतं, कुणी माशांचा धंदा टाकला होता. निरोप मिळाला तशी सगळी आली. होडी एकच मिळाली, लवूची, न विकलेली. पौर्णिमेच्या आदल्या सकाळपासून ते रोज उतरू लागले. खाली हेमांगीला वर्षभराने भिंत दिसली आणि मुखवट्याच्या आत तिचे डोळे भरून आले. तिथे पुसायची सोय नसल्यामुळे तिने ते तसेच राहू दिले. एका कपारीपाशी जाऊन तिने शेवाळ घासलं. गुलाबीसर खडक उघडा झाला. तिने कांडी काढली आणि टाकीवर तीन ठोके दिले. क्षणभर काही नाही. मग वरून, होडीच्या तळावरून, एक भरीव ठोका आला. ऐकलं.

श्रवणकक्षात बसलेल्या केतकीला लाह्यांच्या तडतडीत ते ठोके ऐकू येत होते. तीन आणि एक, तीन आणि एक. पडद्यावर एकेक ‘जागा’ उमटत होती. तिने चमूला विनंती केली होती की दमायच्या आत वर यावं, पण त्यांनी ऐकलं नाही. पाणबुडे हवा संपल्याशिवाय वर येत नाहीत, हा त्यांचा जुना दोष आहे.

पौर्णिमा उलटल्यावर शिरसाट स्वतः भिंगाखाली वाकले. फरशीचा जेवढा भाग हेमांगीने घासला होता तेवढ्यावर खसखस सांडल्यासारखे ठिपके होते. मग चमूने भिंतीवरच्या कपारी पाहिल्या, आणि तिथेही तेच. वाकल्या वाकल्या शिरसाट पेनाने टेबलावर तीन-तीनदा ठोकत होते, आणि आपण असं करतो आहोत हे त्यांना कळलं नव्हतं. ‘निर्वंश’ हा शब्द कागदावर यायचा राहिला. नकाशावरच्या सरळ रेघेला पुन्हा वळण मिळालं. केंद्रात त्या दिवशी शिरा झाला आणि श्रवणकक्षात लोक पहिल्यांदा मोठमोठ्याने बोलले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण एकदा मान्य केलेला नियम आपल्या सोयीने थांबत नाही.

मे महिन्यात लवूच्या होडीला गिऱ्हाईक मिळालं. होडी किनाऱ्यावर ओढून तळ खरवडून द्यायचा ठरला. त्याआधी तळ एकदा बघून घे, असं त्याने बहिणीला सांगितलं. हेमांगी होडीखाली गेली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ खाली राहिली. वर आली तेव्हा ती हसत होती.

“दादा, तुझी होडी गेली.”

“खय गेली? ही काय, हय आसा.”

“तुझ्याच हातान तू ती धाकटीक दिलंस,” ती म्हणाली.

लवू जिथे बसून उत्तराचा ठोका द्यायचा, बरोबर त्या जागेखाली तळावर हातभर रुंदीचा पट्टा प्रवाळाने भरला होता. तीन ठोके झाले की एक उत्तर येतं, हे सहा पिढ्यांनी ऐकलेलं होतं. त्यांना तो सगळा एकच बोल वाटत असणार. आधीच्या वर्षांतही काही बाळं तळाकडे गेलीच असणार, पण दरवर्षीचा विषारी रंग त्यांना टिकू देत नव्हता. यंदा रंग नव्हता. शिरसाटांनी येऊन पाहिलं, मोजलं आणि अवघडून कायदा सांगितला. जिवंत प्रवाळ खरवडता येत नाही, पाण्याबाहेर काढता येत नाही. होडी विकता येणार नाही, ओढता येणार नाही, रंगवता येणार नाही. केंद्र दुसरी होडी देईल. ही मात्र धाकटीजवळ नांगरून ठेवावी लागेल, आणि यापुढे कुणी तिच्या तळावर ठोकू नये.

लवूने मान डोलावली. फारसा रागावला नाही. विकायला काढल्यापासून त्याला त्या होडीकडे नीट बघवत नव्हतं, आता तो दर आठवड्याला तिची खुशाली विचारायला जाऊ लागला. नव्या होडीचा तळ कसल्याशा गुळगुळीत, मऊ पदार्थाचा होता. त्यावर मोगरी मारली तर उशीवर मारल्यासारखी वाटे. केतकीने सांगितलं की उत्तराची आता गरजच नाही, नोंद पडद्यावर दिसते.

पुढच्या हिवाळ्यात चमू पुन्हा उतरला. ब्रश नेले, जागा करायला सुरुवात झाली. पहिली जागा हेमांगीची होती. खालून तिचे तीन ठोके आले. लवूने नव्या होडीतून पडद्यावरची नोंद पाहिली. खाली शांतता होती. हेमांगी पुढच्या कपारीकडे सरकली नव्हती, तिथेच थांबून होती.

लवूने नवी होडी हळूच जुन्या होडीला भिडवली, तो तिच्यात उतरला आणि नेहमीच्या जागी जाऊन बसला. सोबत आलेल्या केतकीने त्याच्याकडे पाहिलं.

“ठोकू नको म्हणतत,” तो तिला समजावत म्हणाला. “पण ठोको इलो तर जबाब देवकच व्हयो. खाली माणूस आसा.”

त्याने मोगरी उचलली आणि एकच ठोका दिला.